तीनशे वॉटची घरघर

आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. लोकांना याचं केवढं कौतुक. मला विचाराल तर सगळं दुखणं तिथेच होतं. नवरा आरडाओरडा करणारा असता तर मीही भांडी आपटली असती, चार दिवस अबोला धरला असता, नाहीतर सरळ चिंचणीला माहेरी निघून गेले असते. पण दिनानाथसारख्या माणसाशी भांडायचं कसं? तो चूकच करत नाही, आणि जे करतो ते माझ्या भल्यासाठी करतो. (तोंडावर मी त्याला अहो म्हणते. अरेतुरेची मोकळीक फक्त कागदावर घेते.)

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. बोईसरला, औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली अण्णांची खाट, खाटेला लागून माझं टेबल, टेबलावर कॉम्प्युटर. अण्णा म्हणजे माझे सासरे. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी इथल्याच एका कापड कारखान्यात साचे चालवले. साचा म्हणजे यंत्रमाग, पण माग म्हटलेलं अण्णांना आवडत नसे.

दोन वर्षांपूर्वी मी कोथिंबीर आणायला खाली गेले होते. वीस मिनिटं, जास्त नाही. तेवढ्यात अण्णा मोरीत घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते खाटेवर. दिनानाथने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. इस्पितळाच्या बाकावर बसून तो फक्त एवढंच म्हणाला, "घरात कोणीतरी हवंच."

"मी असेन," मी म्हणाले. माझ्याच तोंडाने म्हणाले, कुणी वदवून घेतलं नाही.

झालं. त्या दिवसापासून कोथिंबीरही दिनानाथच आणू लागला. भाजी, दूध, गॅसचा नंबर, वीजबिल, सगळं तो. परक्या बाईचा हात लागलेला अण्णांना चालत नसे, म्हणून कुणाला कामाला ठेवायचा प्रश्न नव्हता. नणंद दमयंती वसईहून वर्षातून दोनदा बिस्किटांचा पुडा घेऊन यायची आणि "वहिनी किती करते हो" म्हणून डोळे पुसून संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मी बी.कॉम. झालेली, मिनिटाला चाळीस शब्द टाइप करणारी बाई, गॅलरीत उभी राहून पाळी सुटल्याचा भोंगा ऐकायची आणि सायकली मोजायची.

मला कंटाळा येऊ नये म्हणून दिनानाथने कॉम्प्युटर आणला. तो एका कारखान्यात यंत्रांची मोजमापं, गेज, व्हॉल्व्ह हे सगळं बघायचा, त्यामुळे ओळखी भरपूर. कारखान्यांची पत्रं, नोटिसा, हजेरीचे तक्ते टाइप करायचं काम घरी येऊ लागलं. कागद सकाळी ऑफिसला निघताना तो ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच परत न्यायचा. म्हणजे कामासाठीसुद्धा मला जिना उतरायला नको.

कॉम्प्युटर बंद पडलेल्या एका कचेरीतला होता. त्याच्या पेटीत मागच्या बाजूला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा असतो, त्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात. आमचा तीनशे वॉटचा होता, कुठल्याशा मोठ्या मशीनमधून काढून बसवलेला. त्याच्या पोटात पंखा. बटण दाबलं की असा घरघरायचा की घरात पिठाची गिरणी टाकली आहे असं वाटावं. पहिले आठ दिवस माझं डोकं उठलं. नंतर सवय झाली. आणि त्याच्यानंतर एक दिवस त्या घरघरीचा उपयोग कळला.

दुपारचे दोन वाजले होते. अण्णांचं जेवण होऊन ते आडवे झाले होते. टाइप करता करता माझा एक कागद वाऱ्याने उडून गॅलरीतून खाली पडला. मी पावलं न वाजवता दार ओढून घेतलं आणि खाली गेले. कागद उचलला आणि तशीच कोपऱ्यापर्यंत चालत गेले. उगाच. टपरीवर लावलेल्या पिवळ्या लिंबांकडे बघत उभी राहिले. पंधरा मिनिटांनी परत येऊन खुर्चीवर बसले, दोन कळा दाबल्या, तेव्हा अण्णा म्हणाले, "झालं का गो तुजं?"

"होत आलं अण्णा," मी म्हणाले.

त्यांना कळलंच नव्हतं. मशीन घरघरतंय म्हणजे मंदा बसली आहे, असं ते धरून चालले होते. आंधळ्या माणसाला फसवलं याची मला लाज वाटली, अगदी खरी लाज. आणि दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी पुन्हा गेले.

पाऊण तास. दोन ते पावणेतीन. अण्णांच्या हाताशी पाण्याचा तांब्या, खाटेखाली हात पुरेल असं लघवीचं भांडं, सगळं ठेवून जायचं. विजया, माझी चिंचणीची बालमैत्रीण, आरोग्य केंद्रात नर्स होती आणि दुपारी सुटायची. तिची लुना होती. एकदा ती गमतीने म्हणाली, "बस, चालवून बघ." त्या वेळी वसाहतीतले रस्ते मोकळे असतात, सगळी माणसं आत कामावर. सरळ रस्ता, दोन्ही बाजूला कंपाऊंडच्या भिंती, वारा फिरला की नाकाला झोंबणारा वास. तिथे मी लुना शिकले. दोनदा पडले. कोपर सोलवटलं तर दिनानाथला सांगितलं, मोरीच्या दाराचं लागलं. त्याने त्याच रविवारी मोरीचं दार तासून घेतलं.

बत्तीस वर्षांच्या बाईने लुनाचं एवढं काय करायचं? मलाही सांगता येत नव्हतं. पण दिवसाचे चोवीस तास मी कुणाची तरी कुणीतरी असायचे आणि त्या पाऊण तासात नसायचे. विजयाने खटपट करून शिकाऊ परवानाही मिळवून दिला. पक्क्या परवान्यासाठी पालघरला आरटीओचा कॅम्प लागणार होता, गुरुवारी, दुपारी दोनला. हुकला तर शिकाऊ परवान्याची मुदत संपत होती, म्हणजे सगळं पहिल्यापासून. एकला निघायचं, साडेतीनला परत. घरघर चालू ठेवली की अडीच तास निभतील असा माझा हिशेब होता.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात दिनानाथ म्हणाला, "मंदा, हा आवाज मला आता बघवत नाही."

"आवाज बघवत नाही?"

"तू दिवसभर याच्या शेजारी बसतेस ते बघवत नाही. मी कामावर असतो तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात असतं. आपण याचा एसएमपीएस बदलू या."

त्याने आलेखाचा कागद काढला. दिनानाथला आनंद झाला की तो आलेखाचा कागद काढतो. "हे बघ. मदरबोर्ड आणि प्रोसेसर मिळून पंचवीस वॉट. हार्ड डिस्क दहा. फ्लॉपी पाच. कार्डं दहा. कीबोर्डचे धर दोन. झाले बावन्न. सुरू होताना डिस्क जरा जास्त ओढते, त्याचे तीस वर टाक. ब्याऐंशी! आणि आपण तीनशेचं धूड पोसतोय. दोन माणसांच्या भाताला लग्नघरचं पातेलं."

"मोठा असलेला बरा नाही का?" मी म्हणाले. "पुढेमागे काही जोडायचं झालं तर?"

त्याने लगेच पेन्सिल सरसावली. "काय काय जोडशील? सांग."

"प्रिंटर."

"त्याची वीज वेगळी, भिंतीतून."

"मोठा मॉनिटर."

"त्याचीही वेगळी." त्याने पेन्सिल खाली ठेवली. त्याचे डोळे चमकत होते. "मंदा, तू यात एवढं लक्ष घालतेस, मला किती बरं वाटतंय म्हणून सांगू!"

कपाळ भिंतीवर आपटावं असं मला वाटलं. पण भिंत शेजाऱ्यांची होती.

रविवारी दुकानदार चंद्रभान तीन डबे घेऊन घरीच आला. आम्ही दोघांनी मिळून दुकानात जायचं तर अण्णांजवळ कोण, म्हणून दिनानाथने त्यालाच बोलावलं होतं. तीन डबे टेबलावर मांडले गेले. दिनानाथने स्वयंपाकघरातून तराजू आणला.

"वजन कशाला करता, साहब?" चंद्रभान हसला. "कांदा-बटाटा है क्या?"

"वजनातच कळतं," दिनानाथ म्हणाला. पहिला डबा दोनशे वॉटचा. पारड्यात पडला तो रिकाम्या डब्यासारखा वाजला. "आत तांबं नाही, लोखंड नाही. वर दोनशे लिहिलंय, देईल शंभर. आणि तेही तापून. नको."

दुसरा अडीचशेचा, चांगला जड. लावून बटण दाबलं आणि माझा जीव भांड्यात पडला. जुन्याच्या तोडीस तोड घरघर. "हाच घेऊ या," मी घाईने म्हणाले. "याच्यात दम आहे."

"पंखा एका बाजूला घासतोय त्याचा," खाटेवरून अण्णा म्हणाले. भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण यंत्राचा आवाज झाला की त्यांचा कान आपोआप तिकडे वळायचा.

"बघ, अण्णांनाही कळलं," दिनानाथ म्हणाला. "आणि ब्याऐंशीच्या कामाला अडीचशे कशाला?"

तिसरा दीडशे वॉटचा होता. दिसायला लहान, हाताला जड. "भाभीजी, ये देखो," चंद्रभान माझ्याकडे वळला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक मीच. "इसका पंखा गर्मी देखके घूमता है. गर्मी नहीं तो धीरे-धीरे. चालू है कि बंद, हाथ लगाके देखना पड़ता है."

बटण दाबलं. काहीच झालं नाही. म्हणजे पडद्यावर अक्षरं उमटली, दिवा लागला, पण खोलीत आवाज म्हणून आला नाही. गेल्या दीड वर्षात पहिल्यांदाच त्या खोलीत मला घड्याळाची टिकटिक ऐकू आली. खाली कुणीतरी तांदूळ निवडत होतं, सुपाचा आवाज आला. माझ्या बांगडीचासुद्धा आला.

अण्णांनी मान वळवली. "चालू हाय?"

"चालू आहे अण्णा," दिनानाथ म्हणाला.

"मग कळायचं कसं?"

"कळायचंच नाही! तेच तर!" दिनानाथ मोठ्याने हसला, चंद्रभान हसला. मग दिनानाथ माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "बोल, हा ना? तू म्हणशील तो घेऊ."

मी म्हणेन तो. कुठल्या तोंडाने काय म्हणणार होते? मला घरघर हवी आहे, कारण तिच्या आड मी रोज तुमच्या वडिलांना एकटं टाकून जाते? मी म्हणाले, "हाच." त्याने स्वतःच्या हाताने चारही स्क्रू पिळले. एकही ढिला राहिला नाही.

सोमवारी दोन वाजता मी खुर्चीवरून उठले. खुर्ची करकरली. खुर्ची करकरते हे मला माहीतच नव्हतं.

"मंदा, हायस?" अण्णांनी विचारलं.

"आहे अण्णा."

मी बसले. टाइप केलं. थांबले. पाच-दहा मिनिटं गेली असतील.

"मंदा, हायस?"

"आहे."

ही त्यांची नवी सवय. आधी कधी विचारत नसत. खाली कोपऱ्यावर विजयाची लुना दोनदा फुरफुरली आणि निघून गेली. मी बसून राहिले. श्वास घेतला तरी अण्णांना ऐकू जाईल असं वाटायला लागलं. मंगळवारी मी मोजलं. जेवणानंतर चार वाजेपर्यंत अकरा वेळा, "मंदा, हायस?" अकरा वेळा, "आहे अण्णा." तुरुंगात हजेरी घेतात ती याहून कमी वेळा घेत असतील. संध्याकाळी दिनानाथने येताच विचारलं, "कसं वाटतंय आता? शांत?" मी म्हटलं, "खूप." त्याने समाधानाने चहा घेतला. मला त्या कपाचासुद्धा राग आला.

बुधवारी सहाव्या की सातव्या हाकेला माझा तोल सुटला.

"आहे! आहे! आहे!" मी ओरडले. "कुठे जाणार आहे मी? पाय आहेत का मला? का सारखं सारखं विचारता?"

खोलीत पुन्हा घड्याळ ऐकू यायला लागलं. अण्णा म्हणाले, "लुनावर नाय गेलीस तीन दिवस?"

मी खुर्चीसकट त्यांच्याकडे वळले.

"अण्णा..."

"अगो, बावीस वर्सं साच्यावर होतो मी. साचा चालू हाय पन साच्यावर मानूस नाय, ह्ये मला कळत नसंल? पंखा फिरतोय पन बोटं नाय वाजत. येतीस तवा तुज्या लुगड्याला पेट्रोलचा वास. आनि ती विजया खाली हॉर्न मारत नाय, पन गाडी तिची खोकते."

"तुम्हाला पहिल्यापासून...?"

"पयल्या दिसापासून. मी इचारलं नाय का तुला, झालं का गो तुजं?"

मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले. रडू येत होतं आणि कशाचं ते कळत नव्हतं. "मग दिनानाथना का नाही सांगितलंत?"

अण्णांना हे विचारणंच विचित्र वाटलं असावं. "जोडीवाला सांगतो का कदी?" ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. साचेखात्यात दोन माणसांचे दोन-दोन साचे समोरासमोर असतात. समोरचा तो जोडीवाला. कुणाला विडी ओढायला, चहाला, कुणाला नुसतंच जरा बाहेर जायचं झालं की तो जोडीवाल्याला डोळ्यांनी खुणावतो. खात्यात एवढा खडखडाट की बोलून ऐकूच येत नाही. जोडीवाला मग चारही साचे सांभाळतो. सूत घेऊन आडवा धावणारा धोटा अडकला तर सोडवतो, सुताची तार तुटली तर जोडतो. गेलेल्या माणसाचं कापड कमी भरता कामा नये. कुठे चाललास हे विचारायचं नाही. तो परत येईपर्यंत साच्यावरून हलायचं नाही.

"मुतायला पन नाय," अण्णा म्हणाले. "आनि जॉबर, म्हंजी मुकादम, आला, कुठंय रं तो म्हनला, तर सगळ्यांचं एकच उत्तर. आत्ताच पानी प्यायला गेलाय. चंद्रकांत पाटील बायको बाळंत झाली म्हनून चिंचनीला सायकल मारत गेला हुता, तीन तास. जॉबर चार येळा आला. मी चारी येळा सांगितलं, आत्ताच पानी प्यायला गेलाय."

ते हसले. मी त्यांना हसताना बऱ्याच दिवसांनी बघत होते.

"मग आता सारखं 'हायस का' कशाला विचारता?" मी म्हणाले. "माहीतच होतं तर."

हसू गेलं. त्यांनी चादरीची कड बोटांत धरली. "त्यो आवाज हुता तवा काय वाटत नव्हतं. तू गेलीस तरी साचा चालू असायचा. चालत्या साच्यापाशी मानूस एकटा नसतो, मंदा. आता तू गप बसलीस तर मला वाटतं, कोनच नाय. खोली हाय का नाय त्येबी कळत नाय. दिनूनं चांगलं केलं, पन मला भ्या वाटतं."

पाळत समजून मी ज्या हाकांवर तीन दिवस दात खाल्ले होते, त्या भीतीच्या हाका होत्या. मी एक दार शोधत होते. त्यांच्या खोलीला तर भिंतीही उरल्या नव्हत्या.

"जुना लावायला सांगू का त्यांना?" मी विचारलं.

"नको. एवडी मेनत केली त्यानं. तराजू आनला." ते थांबले. "कॅम्प कदी हाय? विजया जिन्यात बोलत हुती त्या दिशी."

"उद्या. पण मी नाही जाणार."

"जा. साचा मी बगतो." त्यांनी हात पुढे केला. "ती बटनांची फळी माज्या मांडीवर दे. वाजली की मला बरं. आनि तुजंबी काम पडून नाय ऱ्हानार."

गुरुवारी एक वाजता मी टेबल खाटेला आणखी चिकटवलं, नवी कोरी फाइल उघडली आणि कीबोर्ड अण्णांच्या मांडीवर ठेवला. भांडं जागेवर, तांब्या जागेवर. त्यांनी दोन्ही हातांनी कीबोर्ड चाचपला, एक बोट डावीकडे, एक उजवीकडे ठेवलं आणि सुरुवात केली. खट, खटाक. खट, खटाक. जिना उतरेपर्यंत मला ते ऐकू येत होतं.

लुना मी चालवली, विजया मागे. उमरोळीच्या पुढे रस्ता मोकळा लागला. एरवी मी तिथे ओरडले असते. पण माझ्या डोक्यात खट खटाक चालू होतं. चोरून घेतलेला पाऊण तास माझा होता, त्याचा जाब मी कुणाला देणं लागत नव्हते. हा वेळ अण्णांनी दिलेला होता, आणि दिलेल्या वेळेला दोरी असते.

पालघरच्या मैदानावर साठ-सत्तर माणसं रांगेत. साहेब साडेतीनला आले. माझा नंबर एक्केचाळीस. चार वाजले तेव्हा अकरावा माणूस आठचा आकडा काढत होता. मी विजयाला म्हटलं, "चल, परत जाऊ."

"वेडी आहेस का? मुदत संपते तुझी."

"अण्णा थांबले असतील."

"अण्णा खाटेवर आहेत मंदा, ते कुठे जाणार?"

हे वाक्य मला चाबकासारखं लागलं. तेच मी काल त्यांच्यावर ओरडले होते, स्वतःबद्दल. तरी मी थांबले. खरं सांगते, त्यांच्यासाठी परतायला हवं होतं हे मला उभं राहून कळत होतं आणि मी उभीच होते. दोन वर्षांत मागितलेली ती एकच गोष्ट होती. पाचला दहा कमी असताना माझा नंबर आला. मैदानात चुन्याने काढलेला आठ. पाय न टेकवता मी तो काढला. साहेबाने वरही न बघता शिक्का मारला आणि कागद हातात दिला.

परत येताना मी विजयाला एक शब्दही बोलू दिला नाही. वसाहतीचा भोंगा कधीच होऊन गेला होता. सायकली, रिक्षा, कामगार, सगळा रस्ता भरलेला. इमारतीखाली दिनानाथची स्कूटर उभी होती.

मी जिन्याने धावत वर गेले. दार अर्धं उघडं होतं. आत खट, खटाक चालू होतं. आता हळू, मध्येच चुकत, पण चालू होतं.

दिनानाथ खोलीच्या मधोमध उभा होता. खांद्याला पिशवी तशीच, पायात बूटही तसेच. तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होता. पडद्यावर दोनच अक्षरं एकाआड एक, ओळीमागून ओळ, काठापासून काठापर्यंत, खाली कोपऱ्यात पानाचा आकडा सत्तावीस. मग त्याने अण्णांकडे बघितलं. मीही बघितलं. अण्णा दुपारी बसवले होते तसेच बसलेले, पाठ ताठ, दोन बोटं कीबोर्डवर. बोटांची पेरं सुजून लाल झालेली. त्यांच्याखालची चादर ओली होती, ओल गादीतून झिरपून फरशीवर टपकली होती. भांडं खाटेखाली होतं, हात पुरेल असं, कोरडं.

"अण्णा," दिनानाथ म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मंदा कुठे आहे?"

स्वयंपाकघर खाटेपासून सहा पावलांवर होतं, दार सताड उघडं, आत कुणी नाही. हातातला कागद घट्ट धरून मी उंबरठ्यावर उभी होते आणि मला आत पाऊल टाकता येईना.

अण्णांनी बोटं थांबवली नाहीत.

"आत्ताच पानी प्यायला गेलीय," ते म्हणाले.